मुले : तीन

"नाव नगं लिवूस, पोरी. बोल, बस, च्या पी. पर माणसाचं नाव कागदावर लिवून न्हिऊ नगंस."

हिवरखडीच्या साळूबाईनं हे सांगितलं तेव्हा शालन हसली होती. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. खांद्याला शबनम पिशवी, पदराला कॉलेजच्या जनसंपर्क मंडळाचा पितळी बिल्ला, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कोरं कार्ड. शालन स्वतः शेतकऱ्याच्या घरची, त्यामुळं मुद्दाम त्यांच्याच बोलीत म्हणाली, "आवं आजी, हे सरकारी न्हाई, आमच्या कालेजचं हाय. आमी काय शेतसारा वसूल करायला आलोय व्हय?"

"कागदाला कुठं ठावं असतंया, त्यो कुणाचा हाय ते," म्हातारी पुटपुटली आणि चुलीकडं वळली.

पुढं कितीतरी दिवस शालन मैत्रिणींना म्हातारीची नक्कल करून दाखवायची. सगळ्याजणी पोट धरून हसायच्या.

हसू येणारच. मंडळ तेव्हा नुसतं दौडत होतं. बहात्तर साली, दुष्काळात, सरनोबत सरांनी ते काढलं तेव्हा सांगलीत जनसंपर्क हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि चार विद्यार्थी, एवढंच मंडळ. शालन त्या चौघांतली एक, आणि पहिली चिटणीस. दुष्काळी कामांवर रोज नवी आवई उठायची. उद्यापासून काम बंद, धान्य संपलं, अमक्या गावाला टँकर येणार नाही. मंडळाची पोरं सायकली हाणत कचेरीत जायची, खरं काय ते विचारून यायची आणि कामावर जाऊन मोठ्यानं वाचून दाखवायची. लोकांना तेवढंच हवं होतं. दोन वर्षांत चाराचे साठ झाले. सायक्लोस्टाईलचं मशीन आलं, महिन्याचं पत्रक निघू लागलं. पाचगणीच्या एका शाळेनं काम कसं करतात ते दाखवायला बोलावलं. देवीच्या लसीच्या वेळी तर कमालच झाली. लस टोचणारे आले की गावं दारं लावून घ्यायची, पण मंडळाचा बिल्ला दिसला की तीच दारं उघडायची.

याचं कारण होतं संपर्क-कार्ड, आणि ती कल्पना शालनची. प्रत्येक घराचं एक कार्ड. कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, मुले किती, घरात कुणाचं ऐकलं जातं, आणि माणूस कधी घरी सापडतो. शेवटचे दोन रकाने तिनं हट्टानं घातले होते. ती सरांना म्हणाली होती, "सर, माणूस मळ्यात असताना दार वाजवून काय उपयोग? तो कधी भेटेल, हेच आपल्याला माहीत पाहिजे." सरांनी पाठ थोपटली होती. चौदा गावं आणि अकराशे कार्डं झाली.

साळूबाईच्या घराचं कार्ड तिनं स्वतःच्या हातानं भरलं. कुटुंबप्रमुख म्हणून धाकटा मुलगा सयाजी, वय चोवीस. थोरला नाथाजी फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची बायको त्याआधीच शेवटच्या बाळंतपणात गेलेली. सयाजीचं लग्न नुकतंच झालेलं, हरणाबाईच्या हातात अजून हिरवा चुडा होता.

"मुलं किती, सयाजीभाऊ?"

"तीन."

शालननं मान वर केली. अंगणात तीन पोरं गोट्या खेळत होती. "ही थोरल्या भावाची ना? मला तुमची हवीत."

सयाजीचा चेहरा कसनुसा झाला. "ताई, आमच्यात जमिनीची वाटणी झाली न्हाई. मग पोरांची करू व्हय?"

हरणाबाई पदराआड हसली. शालनचे डोळे भरून आले. तिथं कुणीच 'ही माझी नव्हेत' असं म्हणालं नसतं, म्हणणं लाजिरवाणं होतं. आणि कार्डावर त्यासाठी वेगळा रकानाही नव्हता. तिनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'मुले : तीन'. खाली लिहिलं, 'दुपारी बारा ते दोन, आणि दिवेलागणीला हमखास घरी.'

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात लग्न होऊन ती साताऱ्याला आली. जूनमध्ये आणीबाणी लागली. शहात्तरच्या मार्चात चिमी झाली. त्यानंतर शालनला भ्यायची सवयच लागली म्हणायला हरकत नाही. पाळण्यातल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघायची. दारावर थाप पडली की आधी खिडकीच्या फटीतून बघायची. नवरा लालासाहेब हायस्कुलात शिक्षक. प्रत्येक शिक्षकाला वरून सांगणं आलं होतं की नसबंदीसाठी दोन माणसं आणा, नाहीतर निलंबन. लालासाहेबांनी एकही आणलं नव्हतं. ते संध्याकाळी आले की चपला काढायच्या आत ती त्यांचं तोंड वाचायची. घरात सगळं दबक्या आवाजात चालायचं, जणू भिंतीपलीकडं कुणी आजारी आहे.

अशात नोव्हेंबरात सरनोबत सरांचं पत्र आलं. मंडळाला उत्कृष्ट कार्याची ढाल मिळाली होती. सभासद एकशे चाळीस झाले होते. पहिली चिटणीस म्हणून तिचा सत्कार होता.

"जाऊन ये," लालासाहेब म्हणाले. "पण तिथं काही बोलायला जाऊ नकोस."

"मी काय बोलणार?"

"तुला न बोलता येतं कुठं? मंडळच बोलण्याचं होतं तुझं."

दोघंही हसली. बऱ्याच दिवसांनी.

समारंभ झकास होता. मांडव, सनई, झेंडूची तोरणं. शालन पहिल्या रांगेत चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. पाहुणे म्हणून एक बडे अधिकारी आले होते. ते बोलायला उठले. "जिथं आमच्या माणसांना बघून गावं ओस पडतात, तिथं या मुलांचा बिल्ला बघून लोक आपणहून बाहेर येतात. आणि यांची ती कार्डं! माणूस कोण, मुलं किती, घरी कधी सापडेल, सगळं तयार. एवढी पद्धतशीर माहिती आमच्या दप्तरातसुद्धा नव्हती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शालनचेही हात टाळीला उठले होते. ते तसेच राहिले. चिमी दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

शालन पोरीला घेऊन बाहेर आली, थेट जिन्याखाली गेली. कार्डांचं कपाट उघडं होतं, आणि रिकामं. मागून कुतुबुद्दीन आला. मिरजेचा हा पोरगा आता मंडळाचा चिटणीस होता. पहिल्या वर्षाला असताना शालननंच त्याला कार्ड भरायला शिकवलं होतं.

"कार्डं कुठायत, कुतुब?"

"दोन ट्रंका भरून नेली, ताई. गणपतीच्या आधी."

"आणि सरांनी दिली?"

"सरांनी विचारलं, कशाला पाहिजेत. ते म्हणाले, लोककल्याणाला. मग सरांनी किल्ली काढून दिली." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "ताई, सध्या दुसरा प्रश्न कोण विचारतंय?"

"आणि तुम्ही पोरं काय करता?"

"आम्ही पुढं जातो. दारात हाक मारतो. माणूस बाहेर आला की मागनं जीप येते, न् थेट नसबंदीच्या कॅम्पात." त्यानं बिल्ला मुठीत झाकून घेतला. "मी दोनदा गेलो, ताई. तिसऱ्यांदा ताप आल्याचं सांगितलं."

"हिवरखडी झाली?"

"परवा पोरं घरं हेरून आली. उद्या जीप जायचीय. तीनच्या वरची न् तीनवाली घरं पहिल्यांदा."

मुले : तीन. तिच्या डोळ्यांसमोर तिचंच अक्षर आलं. सयाजीला स्वतःचं एकही मूल नव्हतं. गेल्या नागपंचमीला शिराळ्यात हरणाबाई भेटली होती तेव्हा कानाशी लागून म्हणाली होती, "दोन वर्सं झाली ताई, अजून काय न्हाई. देवाला बोललीया." आणि कार्डाप्रमाणं सयाजी तीन पोरांचा बाप होता, दुपारी बारा ते दोन घरी सापडणारा.

ती सरांकडं गेली. सर मांडवाच्या कडेला ढाल छातीशी धरून उभे होते.

"सर, हिवरखडीच्या एका कार्डात चूक आहे. माझी चूक आहे. तुम्ही साहेबांना नुसतं—"

"शालन," सर तिच्याकडं न बघता म्हणाले, "इथं वारा आहे. बाळाला सर्दी होईल. आत जाऊन बस."

आणि सदऱ्याच्या बाहीनं ढाल पुसू लागले.

त्या दिवशी ती विश्रामबागेतच मावशीकडं राहिली. सकाळी उठून आखीव कागदावर लिहिलं, 'मी खाली सही करणार लिहून देते की, सयाजी यास स्वतःचे अपत्य नाही. कार्डावरील तीन मुले त्याच्या मयत भावाची आहेत. नोंद माझ्या हातून चुकीची झाली.' खाली सही केली. सही करताना लालासाहेबांचं आडनाव आलं आणि हात थबकला. हा कागद कुणी साताऱ्याला पाठवला तर? तरीही तिनं घडी करून कागद ब्लाउजमध्ये ठेवला. मावशीला म्हणाली, साताऱ्याला जाते. आणि इस्लामपूरला उतरून शिराळ्याच्या गाडीत बसली.

हिवरखडीच्या फाट्यावर उतरली तेव्हा साडेअकरा झाले होते. फाट्यावर एक चहाची टपरी, आणि टपरीत पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस पेपर वाचत बसलेला.

"कुणीकडं, बाई?"

इथं तिच्या हातून जे झालं ते मंडळात मुरलेल्या माणसाच्याच हातून व्हावं. मंडळाचा पहिला धडा होता, आधी आपलं नाव सांगा, मग संस्थेचं, मग कुणाकडं आलात ते. लपवाछपवी केली की माणसं बिचकतात. हा धडा तिनं साठ पोरांना पाठ करून घेतला होता. तो तोंडातून आपोआप आला.

"मी शालन. कॉलेजच्या जनसंपर्क मंडळाची. साळूबाईच्या सयाजीकडं आलेय."

"बरं, बरं," माणूस गोड हसला. "मंडळाच्या व्हय? जावा की."

शंभर पावलं चालल्यावर तिच्या लक्षात आलं की टपरीमागं सायकल होती, आता ती खडखडत शिराळ्याच्या दिशेनं चालली होती. कुणीतरी आपल्या कामाला निघालं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. चिमीला छातीशी घट्ट धरलं.

गावात पुरुष म्हणून नव्हता. पारावर एकही नाही, पिठाच्या गिरणीत नाही. बायका दारं किलकिली करून बघत होत्या आणि लावून घेत होत्या. कुत्रं तेवढं भुंकत मागं आलं.

साळूबाईनं दार उघडलं.

"आलीस व्हय? तेरवा तुझीच पोरं आली हुती. छातीला पितळ लावून. म्हनली, आजी, सयाजीभाऊ कुठायत? म्या म्हनलं, मेला."

"आजी, मी सांगायला आलेय—"

"आता काय सांगतीस? समदी बापय मानसं तीन दिस उसात हायती. भाकरी बायका पाटीत घालून नेत्यात, वर शेण टाकून."

हरणाबाई आतून आली. चुडा पिचून तिथं साध्या बांगड्या आल्या होत्या. तिनं हात पुढं केले आणि चिमीला घेतलं. पोर नवख्या माणसाकडं रडायची, पण हिच्या खांद्यावर गप्प पडून राहिली. हरणाबाईनं तिच्या टाळूला नाक लावलं.

शालननं घाईघाईनं कागद दाखवला, वाचून दाखवला. "हा जवळ असला की सांगता येईल. मी सही केलीय."

"आनि येक कागुद," साळूबाई म्हणाली. तिला हसू आलं की रडू, ते कळलं नाही.

पण हरणाबाई म्हणाली, "द्या जावा त्यास्नी. तुमचं ऐकत्यात ते. वड्याकडच्या फडात हायती, आंब्यापासनं खाली. मी आले तर समद्यास्नी कळंल. तुमी जावा, पोरगी ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

चिमीला सोडून जायचं म्हणताच शालन पुढं झाली. "नको," ती पटकन म्हणाली. "तिला घेऊनच जाते." हरणाबाईनं पोर परत दिली. तिचे रिकामे हात क्षणभर तसेच पुढं राहिले.

ओढ्याकडच्या शिवारात तोड सुरू झाली होती. वरच्या अंगाचे दोन फड कापून मोकळे झाले होते, तोडकरी पाचटावर बसून भाकरी खात होते. मधला एकच फड उभा होता, दोन पुरुष उंचीचा. शालन बांधावर उभी राहिली. ऊस सळसळत होता, आणि सळसळ वाऱ्याची की माणसांची ते समजत नव्हतं.

"सयाजीभाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी शालन. साळूआजीनं पाठवलंय."

ती बांधावरून एक पाऊल सरीत उतरली.

"कार्डावर माझी चूक झाली, भाऊ. दुरुस्तीचा कागद आणलाय. नुसता हात बाहेर काढा, हातात देते."

पाचट कुरकुरलं. अगदी जवळून, दोन-तीन सरींच्या आतून आवाज आला, "ताई, मागं कोन हाय?"

"कुणी नाही."

"नीट बघा."

तिनं वळून बघितलं. आंब्याखालून जीप येत होती. पुढच्या बाजूला टपरीवरचा तो पांढरा सदरा बसला होता.

ओरडावं तर तो इथंच आहे हे कळणार. गप्प राहावं तर त्याला वाटणार की हिनंच आणलं. तिनं चिमीचं तोंड पदरात दाबलं, आणि लगेच घाबरून सोडलं. मागं सळसळ झाली, आत आत जाणारी.

जीपमधून एक अधिकारी उतरला. नमस्कार केला. "बाई, तुम्हीच पहिल्या चिटणीस ना? काल समारंभात पाहिलं. तुमच्या मंडळाचे उपकार आहेत आमच्यावर."

"साहेब, या माणसाला मूल नाही. ही चुकीची नोंद आहे. मी लिहून आणलंय." तिनं कागद पुढं केला.

त्यानं शांतपणे वाचला. सहीपाशी थांबला. "हे आडनाव... साताऱ्याला हायस्कुलात आहेत, ते तुमचे कोण?"

शालननं चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी, साताऱ्याच्या वर्गात कुणीतरी लालासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवलाय.

"बघतो हां मी," म्हणून त्यानं कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. मग तोडकऱ्यांकडं वळला. "जेवणं झाली का रं? हा मधला फड आज घ्या. वड्याकडनं."

"साहेब, मुकादम म्हनला हुता उद्या—"

"आज."

कोयते उचलल्याचा आवाज झाला. चिमी रडायला लागली ती थांबेना. दूध उतरून शालनची चोळी भिजली होती. तीनची गाडी चुकली तर साताऱ्याला पोचणं होणार नव्हतं, आणि लालासाहेब स्टँडवर वाट बघत असणार. ती तिथं किती वेळ उभी राहिली हे तिला आठवत नाही. एवढं आठवतं की ती तिथून निघाली. फड निम्मा उभा असताना निघाली. फाट्यापर्यंत मागं वळून बघितलं नाही, कान मात्र मागंच होते. आरडाओरडा ऐकू आला नाही. त्याचा अर्थ चांगला की वाईट, हे तिनं गाडीत बसून साताऱ्यापर्यंत स्वतःला विचारलं.

याला आज सतरा दिवस झाले. लालासाहेबांना तिनं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते उठून खिडकी लावून आले. अजून त्यांना कुणी बोलावलेलं नाही. रोज वाटतं, आज बोलावतील.

कुतुबुद्दीनचं एक पत्र आलं. 'फड त्याच दिवशी कापून झाला. आत चौघे सापडले, त्यांत सयाजीभाऊ नाहीत म्हणतात. कॅम्पच्या यादीत त्यांचं नाव नाही. काहींनी त्यांना वारणा ओलांडताना पाहिलं म्हणे. काही म्हणतात, दुसऱ्या तालुक्याच्या कॅम्पात नेलं, तिथली यादी आम्हाला बघू देत नाहीत. मी मंडळ सोडलं आहे. तरी गावात मला कोणी ओळख देत नाही, आणि कॉलेजातही नाही.'

साळूबाईला शालननं दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर नाही. तिला वाचता येत नाही हे शालनला ठाऊक आहे, पण गावातलं कुणीही वाचून दाखवलं असतं. स्वतः जायचं तर तिच्या पायानं मागून कोण येईल याची तिला भीती वाटते. म्हणून ती भेटेल त्याला विचारते. शिराळ्याच्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, बाई, मला यात घेऊ नका. बांगड्या भरणाऱ्या अख्तरबीला विचारलं, त्या शिराळ्याच्या बाजूला बाजार करतात. त्या म्हणाल्या, दार लावलेलं होतं, पण आत कुणीतरी खोकत होतं.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं एवढंच मागणं आहे. शिराळ्याकडं तुमचं कुणी राहत असेल, लग्नाला, बाजाराला जाणं होत असेल, तर वाट जरा वाकडी करा. फाट्यापासून मैलभर आत, गिरणीच्या मागं, शेणानं सारवलेलं उंच जोतं आहे, तेच घर. दार वाजवलं तर लगेच उघडणार नाही, थांबा. पाणी मागा. पाणी द्यायला हरणाबाई आली तर तिचा चेहरा बघा. आणि सयाजी घरी आहे का, धड आहे का, तेवढं बघून या.